खोटे आरोपी : अर्धवट थांबणाऱ्या चित्रांचा इतिहास

२०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी जगभरातल्या महागड्या, ताकदवान संगणकांवर एक चमत्कारिक संदेश दिसू लागला. त्रिमितीय खेळ सुरू करताना काम मध्येच कोसळे आणि पडद्यावर मजकूर येई की चित्र उभारण्यासाठी लागणारी ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली आहे. हा मजकूर वाचणाऱ्या अनेकांच्या यंत्रात बाजारातले सर्वांत मोठे कार्ड होते आणि त्याच्या मेमरीत जागेची मुळीच वानवा नव्हती. लोकांनी आधी खेळ बनवणाऱ्यांना दोष दिला, मग ग्राफिक्स ड्रायव्हरला. कोणी विंडोज नव्याने बसवली, कोणी कार्डच बदलले. संदेश ज्याच्याकडे बोट दाखवत होता ते कार्ड निर्दोष होते. खरा दोषी त्याच मदरबोर्डवर, शेजारच्या जागी बसला होता आणि त्याचे नाव संदेशात कुठेही नव्हते.

त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी थोडे मागे जावे लागेल, कारण यंत्र कोसळते एका कारणाने आणि आरोप होतो दुसऱ्यावर, हा प्रकार संगणकाइतकाच जुना आहे.

रेंडरिंग म्हणजे वस्तूंचे आकार, पृष्ठभाग आणि दिवे यांच्या नोंदींवरून प्रकाशाचा हिशेब करून चित्र तयार करणे. संगणकाला याहून जास्त दमवणारी कामे थोडीच असतील. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘टॉय स्टोरी’ या पहिल्या संपूर्ण संगणकनिर्मित चित्रपटाच्या १,१४,२४० चौकटी सन कंपनीच्या ११७ यंत्रांवर रात्रंदिवस उभारल्या गेल्या. एकेका चौकटीला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ लागे. दीड तासाच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशेबाने १,२९,६०० चौकटी होतात. प्रत्येकीला एकच तास धरला तरी एकट्या यंत्राला पावणेपंधरा वर्षे लागतील. इतका वेळ, इतक्या तापमानाला, प्रत्येक गाभा पूर्ण ताकदीने राबवणारे काम हे आपोआपच यंत्राची कसोटी ठरते. पत्रे लिहिताना, हिशेब मांडताना जो कच्चेपणा वर्षानुवर्षे लपून राहतो, तो रेंडरिंगच्या पहिल्या रात्री उघडा पडतो.

जाता जाता एक नोंद. या प्रकाशाच्या हिशेबाची मुळे खगोलभौतिकीत आहेत. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचा तारकीय वातावरणातून होणाऱ्या प्रारणाच्या प्रवासावरील ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये जिम ब्लिन यांनी ढग आणि धुळीचे पृष्ठभाग संगणकावर रंगवण्याची रीत मांडली, तेव्हा त्यांनी त्याच गणिताचा आधार घेतला. पुढे १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी रेंडरिंगचे सर्वसाधारण समीकरण लिहिले आणि आजची बहुतेक रेंडर-इंजिने तेच समीकरण यादृच्छिक किरण सोडून सोडवतात. लाहोरात जन्मलेल्या आणि मद्रासमध्ये शिकलेल्या शास्त्रज्ञाचे ताऱ्यांवरचे काम अशा रीतीने चित्रपटातल्या धुक्यापर्यंत पोहोचले.

आता बिघाडाकडे. कोसळण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक ओळखणे ही निदानाची पहिली पायरी. काम दर वेळी त्याच चौकटीवर, त्याच ठिकाणी थांबत असेल तर संशय दृश्यावर किंवा प्रणालीवर घ्यावा. दृश्य खरोखरच मेमरीत मावत नसेल किंवा प्रोग्रॅममध्ये चूक असेल. पण तीच चौकट एकदा दहाव्या मिनिटाला, एकदा पन्नासाव्या मिनिटाला आणि तिसऱ्यांदा सुरळीत पूर्ण होत असेल, तर प्रोग्रॅमकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. प्रोग्रॅम तोच, दृश्य तेच, आकडे तेच. बदलले ते यंत्र. मात्र यंत्र चुकू शकते हे मान्य करायला संगणकशास्त्राला वेळ लागला. विजेच्या रिलेवर चालणाऱ्या यंत्रांच्या काळात ते सर्वांना ठाऊक होते; सिलिकॉनची चिप आल्यावर जणू विसरले गेले.

रिलेंच्या त्या काळात, १९४७ साली, बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांना यंत्राचा वेळ शनिवारी-रविवारीच मिळे. यंत्राला चूक झाल्याचे कळत असे. दुरुस्तीला माणूस हजर असेल तर तो रिले नीट करी. सुट्टीच्या दिवशी यंत्र ते काम सोडून पुढचे हाती घेई. सलग दोन आठवडे सोमवारी आल्यावर हॅमिंग यांना आपले काम टाकून दिलेले आढळले. यंत्राला चूक झाली हे समजते, तर ती कुठे झाली हे का समजू नये, असा प्रश्न त्यांना पडला. १९५० मध्ये त्यांनी उत्तर छापले : चार बिटांसोबत तीन तपासनीस बिट अशा बेताने जोडायचे की एखादा बिट उलटला तर तपासनिसांच्या साक्षीवरून नेमका कोणता ते ठरवता यावे आणि तो परत उलटवता यावा. सर्व्हर आणि चांगल्या वर्कस्टेशनच्या मेमरीत आजही ६४ बिटांमागे ८ जादा बिट याच तत्त्वावर राखलेले असतात. बाजारात ती ईसीसी मेमरी म्हणून ओळखली जाते.

हॅमिंगच्या रिलेंचा दोष डोळ्यांना दिसत असे. १९७० च्या दशकात आलेला दोष दिसत नव्हता. चिपमधला एखादा बिट उलटे, पण नंतर तीच चिप तपासली तर निर्दोष ठरे. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी त्याचे कारण दाखवले. चिप ज्या वेष्टनात बसवली जाई, त्या पदार्थात युरेनियम आणि थोरियमचे अत्यल्प अंश होते. त्यांतून सुटणारा अल्फा कण सिलिकॉनमध्ये घुसला की विद्युतभाराची एक रेघ उमटवी आणि मेमरीच्या इवल्याशा पेशीतला भार बदलून जाई. यंत्राला बिघडवणारी गोष्ट यंत्राच्याच आवरणात होती. पुढच्याच वर्षी आयबीएमचे जेम्स झीग्लर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी असे गणित मांडले की वेष्टन शुद्ध केले तरी प्रश्न संपणार नाही, कारण अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे निर्माण होणारे कणही हेच करू शकतात. उपग्रहांबाबत अशी शंका १९७५ मध्येच व्यक्त झाली होती. आता ती जमिनीवरच्या संगणकांबाबत होती.

पुरावा तोवर मिळूनही गेला होता, फक्त तो कोणी ओळखला नव्हता. १९७६ मध्ये पहिला क्रे-१ महासंगणक लॉस ॲलमॉस येथे सहा महिन्यांच्या चाचणीसाठी आला. त्याच्या मेमरीत चूक ओळखण्याची सोय होती, दुरुस्त करण्याची नव्हती. त्या सहा महिन्यांत १५२ चुका नोंदल्या गेल्या. लॉस ॲलमॉस समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे आणि त्या नोंदींचा विश्वकिरणांशी संबंध बऱ्याच वर्षांनी जोडला गेला. क्रे कंपनीने मात्र कारणाची वाट पाहिली नाही. पुढच्या यंत्रांत दुरुस्तीची सोय बसवली.

विश्वकिरण हा भारतीय भौतिकीचा जिव्हाळ्याचा विषय. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये दाखवले की एकाच ऊर्जावान इलेक्ट्रॉनपासून वातावरणात फोटॉन आणि इलेक्ट्रॉनांची कशी वाढत जाणारी सर कोसळते. चिपला त्रास देणारे कण प्रामुख्याने न्यूट्रॉन असतात आणि ते या विद्युतचुंबकीय सरीतून नव्हे तर हवेतल्या अणुकेंद्रकांच्या फुटीतून निघतात. पण वर एक कण, खाली शेकडो, हे चित्र तेच. भाभांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच भारताचा ‘टीआयएफआरएसी’ हा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला आणि त्याला कॅथोड किरण नळीचा पडदाही जोडलेला होता. विश्वकिरण मोजणारे आणि संगणक बांधणारे असे एकाच छताखाली होते. त्या दोहोंचा असा संबंध निघेल याची कल्पना तेव्हा कोणाला असण्याचे कारण नव्हते. टीआयएफआरएसीची मेमरी चुंबकीय फेराइट कड्यांची होती. अल्फा कणाने तिचे काही बिघडले नसते.

आकाशावरचा आरोप सिद्ध कसा करायचा? आयबीएमने तीच मेमरी निरनिराळ्या उंचीवर नेऊन तपासली : कोलोरॅडोतल्या सुमारे ३,१०० मीटर उंचीवरच्या लेडव्हिल गावात आणि जमिनीखाली खडकाच्या आडोशाला. उंचीवर चुका वाढल्या, खडकाखाली जवळपास नाहीशा झाल्या. ही रीत भारतीय वाचकांना अनोळखी वाटू नये. कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा संस्थेचे भौतिकतज्ज्ञ दोन किलोमीटरहून अधिक खोल उतरले ते याच कारणाने. विश्वकिरणांचा कल्लोळ वर ठेवून त्यांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद केली. आडोसा देऊन पाहणे आणि काढून पाहणे, एवढेच त्या पद्धतीचे सार. उलट दिशेने पाहिले तर लडाखमध्ये सुमारे ४,५०० मीटरवर असलेल्या हानले वेधशाळेतील संगणकाला मुंबईतल्या संगणकापेक्षा कितीतरी दाट न्यूट्रॉनांत काम करावे लागते.

येथवरची कथा इतकी देखणी आहे की तिने पुढे नुकसानच केले. कारण न सापडलेला प्रत्येक क्रॅश विश्वकिरणांच्या माथी मारण्याची सवय अभियंत्यांना लागली. आकाशाला जाब विचारता येत नाही, त्यामुळे तपासही तिथेच संपतो. २००९ मध्ये बियांका श्रोडर आणि गूगलच्या संशोधकांनी त्या कंपनीच्या हजारो सर्व्हरांच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत निदान एक तरी दुरुस्त झालेली चूक आढळली. त्याहून महत्त्वाचे असे की ज्या पट्टीने एकदा चूक केली ती पुन्हा करण्याची शक्यता फार मोठी होती. आकाशातून पडणारा कण पट्टी निवडत नाही. म्हणजे बहुतेक चुका योगायोगाच्या नव्हत्या. ती पट्टीच कच्ची होती.

त्याच सुमारास स्टॅनफर्डमधील इम्रान हक आणि विजय पांडे यांनी ग्राफिक्स कार्डांची अशीच झडती घेतली. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या प्रकल्पात जगभरातले लोक आपापल्या घरचे संगणक देत. त्या हजारो यंत्रांवर त्यांनी मेमरीची परीक्षा चालवली. प्रयोगशाळेत, नियंत्रित वातावरणात ठेवलेल्या कार्डांनी एकही चूक केली नाही. घराघरांत बसवलेल्या कार्डांपैकी सुमारे दोन तृतीयांश कार्डांत चुका आढळल्या. या निष्कर्षावर जितका विचार व्हायला हवा होता तितका झाला नाही. कार्ड विकत घेताना जी चाचणी झालेली असते ती कार्डाची. ते ज्या पेटीत, ज्या उष्णतेत, ज्या वीजपुरवठ्यावर चालणार त्याची नव्हे.

ग्राफिक्स कार्डात चूक दुरुस्त करणारी मेमरी तोवर नव्हतीच. खेळाच्या सेकंदाला साठ चित्रांपैकी एकात एक ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर कोणाच्या लक्षात येणार? तो विचार त्या कामापुरता योग्यच होता. पण हीच कार्डे रेणूंची गणिते करू लागली तेव्हा ठिपका आणि उत्तर यांत फरक उरला नाही. एनव्हिडियाने २०१० च्या सुमारास फर्मी रचनेच्या टेस्ला कार्डांत प्रथम ही सोय दिली. साध्या यंत्रांचा असाच धडा व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने आधी घेतला होता. श्रीनिधी वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली २००३ मध्ये तिथे ॲपलचे १,१०० जी-५ संगणक जोडून जगात तिसऱ्या क्रमांकाचा महासंगणक उभा राहिला. त्या डेस्कटॉप संगणकांत त्रुटी दुरुस्त करणारी मेमरी नव्हती. शर्यतीतला क्रमांक मिळाला, पण विज्ञानासाठी उत्तरावर विसंबायचे तर ते पुरेसे नव्हते; पुढच्याच वर्षी सारी यंत्रे बदलून तशी मेमरी असलेले सर्व्हर बसवावे लागले. कोसळणारे यंत्र निदान कबुली देते. न कोसळता चुकीचा आकडा पुढे सरकवणारे यंत्र त्याहून घातक.

चित्रांच्या बाबतीत यातून एक स्वस्त परीक्षा हाती येते. चौकटी एकमेकींवर अवलंबून नसल्याने बिघडलेली चौकट पुन्हा उभारता येते, हवामानाच्या प्रारूपाला ती चैन नाही. तेव्हा यादृच्छिक किरणांचे बीज स्थिर ठेवून तीच चौकट प्रोसेसरवर दोनदा उभारावी. दोन चित्रे अक्षरशः सारखी आली पाहिजेत. ग्राफिक्स कार्डावर बेरजांचा क्रम बदलल्याने अगदी शेवटच्या दशांशात फरक पडू शकतो. पण भलत्याच ठिकाणी उठलेला पांढरा ठिपका त्या सबबीत बसत नाही.

दरम्यान खोट्या संदेशांची संख्याही वाढत गेली. विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे की ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर ते अडकले असे समजून त्याला नव्याने सुरू केले जाते. खेळासाठी दोन सेकंद म्हणजे युग. जड दृश्याच्या एखाद्या तुकड्यासाठी तो साधा कामाचा वेळ असू शकतो. अशा वेळी ड्रायव्हर कोसळल्याचा संदेश येतो, प्रत्यक्षात मन लावून काम करणाऱ्याला झोपला समजून हलवलेले असते. वीजपुरवठ्याचे तसेच. कार्डाची सरासरी मागणी पुरवठ्याच्या मर्यादेत असते, पण हजारांश सेकंदाची झेप तिच्या पलीकडे जाते आणि अख्खे यंत्र काहीही न बोलता बंद पडते. संदेशच नसल्याने लोक तिथेही कार्डालाच दोष देतात.

आता २०२४ कडे. खेळाची माहिती मिटवून ठेवलेल्या स्वरूपात असते आणि सुरुवातीला प्रोसेसर ती उलगडतो. उलगडण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या रॅड गेम टूल्स या संस्थेकडे तक्रारींचा ओघ आला. उलगडलेली माहिती मुळाशी जुळत नव्हती, आणि तक्रारी इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांकडे एकवटत होत्या. संस्थेने दोष सॉफ्टवेअरचा नसून यंत्राचा आहे असे जाहीर सांगितले आणि एक साधा उपाय सुचवला : प्रोसेसरचा कमाल गुणक ५५ वरून ५३ वर आणा. वेग चार टक्क्यांहूनही कमी घटला आणि अनेकांचे क्रॅश थांबले. लेडव्हिल आणि खडकाखालची खोली यांतला जो भेद, तोच इथे ५५ आणि ५३ यांत होता. एकच गोष्ट बदलली, बाकी सारे जागच्या जागी ठेवले.

तरी आरोपींची रांग संपली नाही. वसंत ऋतूत मदरबोर्ड बनवणाऱ्यांवर ठपका आला की त्यांनी विजेच्या मर्यादा सैल ठेवल्या. तेही अंशतः खरे होते. अखेर जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरच्या आतलाच मायक्रोकोड प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागतो आहे. सप्टेंबरमध्ये मूळ कारणही सांगितले : जादा व्होल्टेज आणि तापमान यांखाली गाभ्यातला कालस्पंद देणारा मंडलभाग अकाली झिजत होता, आणि झिजल्यावर तोच वेग राखायला त्याला आणखी व्होल्टेज लागे. दुरुस्त मायक्रोकोड आला आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढला. पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने भरून येत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते. मेमरी संपल्याचा तो संदेश खरे तर प्रोसेसरच्या झिजेचा संदेश होता.

भारतात हा विषय केवळ खेळाडूंचा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र महासंगणक राष्ट्रार्पण झाले आणि त्याच वेळी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ सुरू झाला. इतक्या आकाराच्या यंत्रात काही ना काही बिघडत असणारच असे गृहीत धरूनच काम आखले जाते. ठरावीक अंतराने हिशेबाची स्थिती साठवून ठेवतात, म्हणजे पडझड झाली तर तिथून पुढे निघता येते. अ‍ॅनिमेशनच्या छोट्या स्टुडिओत, विदर्भाच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या हवेत आणि हेलकावणाऱ्या व्होल्टेजवर चालणाऱ्या एकट्या वर्कस्टेशनला असे सांभाळणारे कोणी नसते. तिथे यादी साधीच असते : तापमान पाहणे, रात्रभर मेमरीची परीक्षा घेणे, एकेक पट्टी काढून पाहणे, वेग थोडा उतरवणे. अट एवढीच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत तीन बदल एकदम केले आणि क्रॅश थांबला, तर कशाने थांबला हे कधीच कळत नाही.

आकाश मात्र पूर्ण निर्दोष सुटलेले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कानकुनहून नेवार्कला निघालेले एक ए-३२० विमान अचानक खाली झुकले आणि प्रवासी जखमी झाले. तीव्र सौर प्रारणाने उड्डाण-नियंत्रणाची माहिती दूषित होऊ शकते असे सांगून एअरबसने नोव्हेंबरच्या अखेरीस जगभरातल्या सुमारे ६,००० विमानांत तातडीने बदल करायला लावले. भारतात तीनशेहून अधिक विमाने त्या यादीत होती आणि बहुतेकांवर उपाय झाला तो आधीचे सॉफ्टवेअर परत बसवण्याचा. टेबलावरच्या यंत्रांसाठी असा आदेश कोणी काढत नाही. बाजारातल्या काही बड्या ग्राफिक्स कार्डांत आज त्रुटी दुरुस्त करण्याची सोय असते. ती चालू केली की वेग थोडा उतरतो, म्हणून विकत आणल्यावर ती बंदच असते.